वाकोल्याचा मितोमा कुठे खेळणार?

काओरू मितोमा मुंबईतल्या वाकोल्यात कधी आलेला नाही. तो जपानचा फुटबॉलपटू, खेळतो इंग्लंडमधल्या ब्रायटनकडून, डाव्या बगलेवर. तरी दत्त मंदिर रस्त्यावर क्लास सुटल्यावर घोळक्याने उभ्या असणाऱ्या पोरांना विचारून बघा. 12-13 वर्षांची ही पोरं त्याचा 22 नंबर सांगतील, डावीकडे खेळणारा हा गडी उजव्या पायाचा आहे हे सांगतील, आणि चेल्सीविरुद्धचा गोल तिथल्या तिथे करून दाखवतील, पायात चेंडू नसला तरी.

तो गोल 14 फेब्रुवारी 2025 चा. ब्रायटनच्या गोलरक्षकाने आपल्या टोकावरून लांब लाथ मारली. चेंडू मितोमाच्या मागून, खांद्यावरून येत होता आणि तो त्याच दिशेने पळत होता. पळता पळता त्याने उजव्या पायावर चेंडू असा उतरवला, की तो पायापासून हललाच नाही. पुढच्या स्पर्शात बचावपटू बाजूला पडला आणि त्यानंतर चेंडू जमिनीलगत थेट जाळ्यात. दहा सेकंदांचासुद्धा ऐवज नाही. पण जगभर फोनवर फिरला तो एवढाच तुकडा. ब्रायटनने सामना 3-0 जिंकला, हे किती जणांच्या लक्षात आहे कोण जाणे.

यावर मोठ्यांची तक्रार ठरलेली: पोरं दिवसभर मोबाइलमध्ये. माझं मत वेगळं आहे. हा तुकडा पोरं पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतात, मध्येच थांबवतात आणि एकमेकांना विचारतात, पाय नेमका कधी मागे घेतला? याला मी वेळ घालवणं म्हणणार नाही. हा अभ्यास आहे. शाळेत एखादा धडा कुणी इतक्या वेळा उलगडून वाचला असता, तर आपण पेढे वाटले असते.

आणि मितोमाने स्वतः हेच केलं आहे. तो कावासाकी फ्रोंताले या क्लबच्या पोरांच्या संघांतून वर आला. वरच्या संघाकडून खेळायचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने नकार दिला आणि त्सुकुबा विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथे त्याने प्रबंध लिहिला तो चेंडू पायात घेऊन समोरच्याला चकवण्यावर. सहखेळाडूंच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बांधले आणि कोण कुठे बघतो ते तपासलं. चांगले खेळाडू चेंडूकडे फारसे बघतच नाहीत, त्यांची नजर समोर असते, हे त्याला त्यातून दिसलं. 2020 मध्ये तो पदवी घेऊन क्लबकडे परतला आणि त्याच वर्षी फ्रोंतालेने जपानची लीग जिंकली. ज्या पोराच्या फोनवर मितोमा आहे, त्याच्या फोनवर एक अभ्यासू माणूस आहे. आईवडिलांनी काळजी करावी असं त्यात काही नाही.

पण या लोकप्रियतेला एक पत्ता आहे, आणि मला बोलायचं आहे ते त्या पत्त्याबद्दल.

1 डिसेंबर 2022, कतारचा विश्वचषक, जपान विरुद्ध स्पेन. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, असं मैदानातल्या बहुतेकांना वाटलं. मितोमाने घसरत जाऊन डाव्या पायाने तो परत आत ओढला आणि आओ तानाकाने गुडघ्याने जाळ्यात ढकलला. कॅमेऱ्यांनी तपासणी झाली. चेंडूचा पुसटसा काठ रेषेवर होता, मिलिमीटरच्या हिशेबात. गोल मान्य झाला आणि जपानने स्पेनला 2-1 हरवलं. त्याआधी जर्मनीलाही त्याच फरकाने हरवलं होतं. वरून टिपलेला तो रेषेवरचा चेंडू जगाने पाहिला.

आता पत्ता ऐका. चेंडू आत ओढणारा मितोमा आणि तो जाळ्यात घालणारा तानाका एकाच प्राथमिक शाळेचे. कावासाकी शहरातल्या सागिनुमा नावाच्या वस्तीतले. दोघेही लहानपणी तिथल्याच सागिनुमा एससी या क्लबात खेळले. त्या रात्री जपानच्या गोलमध्ये उभा असलेला शुइची गोंदाही त्याच क्लबचा. एका वस्तीच्या पोरांच्या क्लबमधून विश्वचषकाच्या एकाच सामन्यात तिघे! कुणी अब्जाधीश तिथे अवतरला नव्हता. शाळा सुटल्यावर पोरं खेळत होती, शिकवायला माणसं होती आणि मैदान उघडं होतं.

वाकोल्यात काय आहे? पश्चिमेला द्रुतगती मार्ग, पूर्वेला कालिना, उत्तरेला विमानतळाची भिंत, दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुल. मधल्या पट्ट्यात दाट वस्ती आणि मिठी नदीला जाऊन मिळणारा नाला. इथल्या गोवेकर, ईस्ट इंडियन आणि कोकणी घरांत फुटबॉलची आवड जुनी आहे. पोरं आहेत, पाय आहेत, हौस आहे. जागा मात्र तासावर विकत घ्यावी लागते. टर्फ, म्हणजे जाळीने बंद केलेला हिरव्या प्लास्टिकचा चौकोन. दहा पोरांनी वर्गणी काढायची, तासाचे पैसे भरायचे, आणि तास संपला की रंगात आलेला खेळ सोडून निघायचं. ज्याच्याकडे वर्गणी नाही, तो जाळीबाहेर उभा. आणि शाळांची पटांगणं? शाळा सुटली की फाटकाला कुलूप. संध्याकाळी सहा वाजता, अख्खी वस्ती रस्त्यावर असताना.

हे संतापजनक आहे. सौम्य शब्द मला सापडत नाही.

आणि जपान आपल्याला परका नाही. तिथले खेळाडू आपल्या मैदानांवर येऊन खेळून गेले आहेत, आपण त्यांना विसरलो इतकंच. अराता इझुमी हे नाव वाकोल्यातल्या किती पोरांना माहीत आहे? तो शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. 2006 मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे, मग 2009 पासून पुणे एफसीकडे. बालेवाडीत तो वर्षानुवर्षं खेळला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला, तेव्हा तो त्या संघात होता. आणि त्याच सुमारास त्याने एक गोष्ट केली, जी सांगताना माझा आवाज आजही चढतो. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं. जपान दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि परदेशी पासपोर्टवर भारताकडून खेळता येत नाही, तेव्हा दोन्हींतून एक निवडायचं होतं. तिशीतल्या माणसाने विश्वचषक खेळणाऱ्या देशाचा पासपोर्ट परत केला आणि भारताचा घेतला. नाव घेतलं नीलकंठ खंभोळजा. फेब्रुवारी 2013 मध्ये कोचीत तो भारताच्या जर्सीत पॅलेस्टाईनविरुद्ध उतरला. त्यानंतर असं धाडस करणारा दुसरा खेळाडू मिळायला 2025 उजाडलं: ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स.

आज अराता प्रशिक्षक आहे, रिलायन्स फाउंडेशनच्या मुलांना त्याने शिकवलं आहे. म्हणजे माणूस इथेच आहे, इथल्या पोरांसाठी राबतो आहे. त्याच्या गोलांचे तुकडे मात्र कुणाच्या फोनवर फिरत नाहीत. आणि तो ज्या संघांकडून खेळला त्यांचं काय झालं? महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. पुणे एफसी काही वर्षांत बंद. नंतर तो 2016 मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला, तोही 2019 मध्ये बंद. महाराष्ट्रातले तीन संघ आणि तिन्हींना टाळं. पोराने अराताची जर्सी मागितलीच, तर कुठल्या दुकानात जायचं?

दुसरा कात्सुमी युसा. हा मुंबईत ओएनजीसीकडून खेळला, नंतर मोहन बागानला गेला आणि 2014-15 ची आय-लीग जिंकणाऱ्या संघाचा लाडका झाला. बंगालमध्ये आजही त्याचं नाव काढलं की माणसं खुलतात. मुंबईने त्याला आधी पाहिलं होतं, पण मुंबईला आठवण नाही. ओएनजीसी आणि कालिन्याशी जन्माचं नातं असलेला एअर इंडिया, दोन्ही संघ 2012-13 च्या हंगामानंतर आय-लीगमधून बाहेर गेले.

आता मूळ मुद्द्याला हात घालतो. आपले संघ कंपन्यांचे होते. टाटा, महिंद्रा, एअर इंडिया, ओएनजीसी. त्यांनी पोरांना नोकऱ्या दिल्या, पोटाला दिलं, हे उपकार मोठे आहेत आणि मी ते नाकारणार नाही. पण संघ कंपनीचा असला, की एका बैठकीत बंद होतो. वस्तीला कुणी विचारत नाही.

जपानमध्येही तेच होतं. मितोमाचा कावासाकी फ्रोंताले मुळात फुजित्सू कंपनीच्या कामगारांचा संघ, 1955 सालचा. 1993 मध्ये जपानने दहा क्लब घेऊन जे-लीग सुरू केली आणि एक अट ठाम धरली: क्लबच्या नावात गाव हवं, कंपनी नको. क्लबने गावाचं व्हायचं आणि गावातल्या पोरांना शिकवायचं. पुढे 1997 मध्ये फुजित्सूचा संघ कावासाकी शहराच्या नावाने उभा राहिला. आज जे-लीगच्या तीन विभागांत मिळून 60 क्लब आहेत. फुजित्सूच्या जागी कावासाकी आलं, म्हणून सागिनुमाच्या पोराला पुढचा रस्ता मिळाला. महिंद्राच्या जागी सांताक्रूझ, घाटकोपर, बोरिवली, कुणीच आलं नाही. सगळा फरक इथे पडला.

आपल्याकडे 2014 मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली आणि मुंबई सिटी एफसी आली. संघ चांगला आहे, मी त्याचा चाहता आहे. 2020-21 चा हंगाम आठवा. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. त्या संघात साय गॉडर्ड होता, लंडनमध्ये जन्मलेला, जपानच्या कुमार संघांतून खेळलेला. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यात शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई विजेती झाली. मुंबईकराने हा विजय घरात बसून पडद्यावर पाहिला, साय गॉडर्डला पाहिलं तेही पडद्यावरच. त्या वर्षी इलाज नव्हता. पण करोना गेला आणि सवय राहिली.

सवय मोडता येते, याचा पुरावा अंधेरीतच आहे. 1 जून 2018. वीरा देसाई रस्त्यावरच्या क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल मारले. प्रेक्षक किती? 2,569. दुसऱ्या दिवशी छेत्रीने फोनवर एक छोटा व्हिडिओ टाकला. हात जोडून म्हणाला, आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. 4 जूनला केनियाविरुद्ध, भर पावसात, सगळी तिकिटं संपली होती. छेत्रीचा तो 100 वा आंतरराष्ट्रीय सामना, भारत 3-0 ने जिंकला आणि चिंब भिजलेले लोक जागचे हलले नाहीत. तोच फोन, तेच शहर, मध्ये फक्त तीन दिवस. म्हणून फोनवरच्या लोकप्रियतेला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. तिला ताकद आहे. आपण ती मैदानापर्यंत नेत नाही, हा दोष आपला.

आणि कुठे नेतो? 14 डिसेंबर 2025 ला वानखेडेवर लिओनेल मेस्सी आला. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक गेले. मेस्सी थोर आहे, त्याला डोळे भरून बघावं, यात गैर काही नाही. राज्य सरकारने 13 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 'महादेवा' योजना त्याच्याच हस्ते पुढे आणली, हेही चांगलं झालं. पण त्याच दिवशी देशाची पहिल्या क्रमांकाची लीग, आयएसएल, ठप्प होती. हक्कांच्या करारावरून हंगाम सुरूच झाला नव्हता, खेळाडू घरी बसून होते. त्यांच्यासाठी वानखेडे भरलं असतं का? भरायला हवं होतं.

जपान आपल्याहून वरचा होता म्हणून इथवर आला, असं कुणी म्हणू नये. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने जपानला 2-0 हरवून घरी पाठवलं. त्याच ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 हरवलं आणि त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल मारणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये आपण जपानला 2-0 हरवलं आणि सुवर्णपदक आणलं. डिसूझाच्या त्या सामन्याची तारीख 1 डिसेंबर होती. मितोमाने रेषेवरून चेंडू ओढला, तीसुद्धा 1 डिसेंबरच. मधली 66 वर्षं जपानने वस्तीवस्तीत मैदानं आणि क्लब उभे करण्यात घालवली. 1998 पासून जपान एकाही विश्वचषकाला मुकलेला नाही, आणि 2026 च्या विश्वचषकाचं दार यजमानांखेरीज सर्वांत आधी त्यानेच गाठलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. वाकोला ज्यात येतो त्या एच-पूर्व विभागातल्या पालिका शाळांची पटांगणं संध्याकाळी पाच ते आठ वस्तीतल्या पोरांसाठी उघडा. रखवालदाराचा पगार आणि दोन दिव्यांचं बिल, याहून जास्त खर्च त्याला नाही. नगरसेवकाकडे मत मागायला येण्याचं धैर्य असेल, तर त्याने हे एक काम करून यावं. खासगी शाळांनी आणि चर्चच्या संस्थांनीही विचार करावा. पटांगण त्यांचं असलं, तरी पोरं सगळ्यांची आहेत. मुंबई सिटीसारख्या श्रीमंत संघांनी वाकोला, कालिना, कुर्ला इथल्या छोट्या क्लबांना जर्सी, चेंडू आणि आठवड्यातून एकदा एक प्रशिक्षक द्यावा. त्याचे फोटो खुशाल टाकावेत, मी स्वतः पुढे पाठवीन.

आणि आईवडिलांनो, तुमच्याशी थोडं. पोराचा फोन हिसकावू नका. तो मितोमा बघतो आहे, बघू द्या, शेजारी बसून तुम्हीही बघा आणि विचारा, हे कसं केलं? मग त्याला घेऊन बाहेर पडा. अंधेरीचं संकुल लांब नाही: सांताक्रूझहून अंधेरी लोकल, पुढे मेट्रोने आझाद नगर. त्याहून जवळ वांद्र्याचं नेव्हिल डिसूझा मैदान, वाकोल्याहून रिक्षा थेट जाते. मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने तिथे होतात. खेळणारी पोरं तुमच्या-आमच्या गल्ल्यांतली असतात आणि काठावर बहुतेक वेळा त्यांचे दोस्तच तेवढे उभे असतात. तिथे जाऊन उभे राहा, टाळ्या वाजवा, खेळणाऱ्यांची नावं विचारून घ्या. फोन सोबत न्या. आणि एखाद्या पोराने बगलेवरून दोघांना चकवून गोल मारला, तर तो टिपा आणि मितोमाचा गोल जितक्या जणांना पाठवला होता, तितक्या जणांना पाठवा, त्या पोराच्या नावासकट.